गोष्टीआधी सिस्टरना विचारा

पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात, मुलांच्या वॉर्डात, मी चार वर्षं दर गुरुवारी गोष्टी सांगायला जाते. आवाज कसा बदलायचा, चित्र कसं धरायचं, हे तुम्हाला येत असणारच. दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र माझ्याकडेही आहे. कपाटात आहे.

मी फसले ती भोपळ्यात. ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ लहानपणापासून तोंडपाठ. पहिल्याच महिन्यात सकाळी साडेनवाला खिडकीजवळच्या खाटेशी बसले. बीडकडची पाचेक वर्षांची मुलगी, आजीच्या मांडीवर डोकं टेकून पडलेली. म्हातारी वाघाला म्हणाली, ‘लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, जाडजूड होईन...’ आणि मी रंगात येऊन गरम रोटीवर तूप कसं पसरतं तेही बोटाने दाखवलं. मुलगी उठून बसली. ‘आज्जे, मला भाकर दे.’ मग जे रडणं सुरू झालं ते थांबेना. दहा वाजता गुंगी देऊन तिच्या पाठीतलं पाणी काढायचं होतं, म्हणून तिला रात्रीपासून उपाशी ठेवलं होतं. खाटेवर ‘एनबीएम’ची चिठ्ठी होती. मी ती वाचलीही होती. अर्थ विचारायची लाज वाटली, एवढंच. आजी मला काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

एनबीएम म्हणजे तोंडावाटे काही द्यायचं नाही. भुलीत पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं, म्हणून साधारण ६ तास आधी जेवण बंद करतात. साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. पण नंबर लांबला की उपासही लांबतो. शिवाय किडनीच्या आजाराने सुजलेल्या मुलाचं मीठ तोडलेलं असतं, मधुमेहाच्या मुलाचं खाणं मोजून असतं. आता आपल्या गोष्टी आठवा. माकडाला लोणी, मगरीला जांभळं, भोपळ्यात तूप-रोटी! खाणं नसलेल्या गोष्टी जमवायला मला दोन रविवार लागले. त्यातली सर्वांत खणखणीत निघाली उंदराच्या टोपीची. ‘राजा भिकारी, माझी टोपी घेतली’ हे दिवसभर मोठ्यांचे हुकूम ऐकणाऱ्या मुलाला ओरडायला मिळालं की चेहरा बघा त्याचा. (हळू ओरडायला सांगा.)

तर वॉर्डात शिरलात की आधी सिस्टरकडे. आज कोण उपाशी, कोणाला सुई, कोणाजवळ जायचं नाही? राउंड चालू असेल तर गुपचूप थांबा. सिस्टर घाईत असतील तर मावशींना विचारा. माझ्या लेखी खऱ्या गुरू त्याच. त्या प्रकारानंतर मी तीन आठवडे तोंड लपवून घरी बसले होते. परत गेले तेव्हा मावशी एवढंच म्हणाल्या, ‘आलात? सात नंबरचं उपाशी हाये, तिकडं नगा जाऊ.’ तुम्हीही चुकाल. लोक सांभाळून घेतात.

आणि भोपळ्याला कायमचं हद्दपार करू नका. स्टिरॉइड चालू असलेल्या मुलांना भूक आवरत नाही. अशा एकाने मला ती गोष्ट तीनदा सांगायला लावली आणि तूप-रोटी बदलून ‘मिसळ, वर शेव, पाव दोन’ करून घेतली. अर्थात तेव्हा मी आधी विचारून आले होते.

पुस्तकं हलकी घ्या. एका हाताला सलाईन आणि फळी बांधलेली असते, दुसऱ्या हाताने उघडता आलं पाहिजे. जाडजूड पुठ्ठ्याचं पुस्तक छातीवर धरून मूल दमतं. केमो चालू असलेल्या मुलांच्या पांढऱ्या पेशी उतरतात, जंतुसंसर्ग पटकन होतो, तेव्हा माळ्यावरची धूळखाऊ पुस्तकं दान म्हणून आणू नका. कृपा करा. मी ‘प्रथम बुक्स’ प्रकाशनाच्या ‘स्टोरीवीव्हर’ या वेबसाइटवरच्या मराठी गोष्टी छापून लॅमिनेट करते, त्या मोफत आहेत, आणि पानं दर मुलानंतर पुसता येतात. दहाच्या पुढच्या मुलांना चिऊ-काऊ सांगितलं की अपमान वाटतो. त्यांच्यासाठी बालभारतीचं ‘किशोर’ मासिक बघा, १९७१पासून निघतंय, जुने अंक ऑनलाइन फुकट आहेत.

‘शूर बाळ औषध घेतं’ छापाच्या गोष्टींची मला चीड आहे. मुलाने स्वतः मागितली तरच सांगते.

दुपारी एक ते तीन जाऊ नका. मुलं झोपलेली असतात, आणि त्यांच्या आयांना दोन घास तेव्हाच मिळतात.