घराच्या परवानगीची फाइल टाकायच्या आधी (सांगलीकरांसाठी)

अक्षय तृतीयेला भूमिपूजन ठरवायचं आणि मार्च संपता संपता परवानगीच्या मागं पळायचं, असली माणसं आपल्याकडं लई आहेत. मुहूर्त नंतर काढा, आधी फाइल बघा. आणि एक गोष्ट डोक्यात पक्की करा, घराचा प्लॅन महासभेत हात वर करून मंजूर होत नसतो. सांगली मिरज कुपवाड महापालिका असेल तर अधिकार आयुक्तांचा आणि काम बघतोय नगररचना विभाग, नगरपालिका असेल तर मुख्याधिकारी. नगरसेवक ओळखीचा असला तर चहा प्या त्याच्याबरोबर, पण तो मार्जिन, म्हणजे घराभोवती सोडायची मोकळी जागा, माफ करून देऊ शकत नाही. समोरचा माणूस तुमचं घर बघत नाही, कागद बघतो, त्यामुळं निम्मा निर्णय तुम्ही फाइल टाकता तेव्हाच झालेला असतो.

पहिलं मालकीचं. सिटी सर्व्हेत असाल तर प्रॉपर्टी कार्ड, नाहीतर सातबारा, आणि तो ताजा काढा, घरात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला जुना चालत नाही. उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव असेल तर आधी वारस नोंद करून घ्या, त्याशिवाय पुढं काही हलत नाही. नावं चार असतील तर चौघांच्या सह्या किंवा संमतीपत्र, आणि पुण्यातल्या भावाची सही फोनवर "हो हो, देतो की" म्हणाल्यानं होत नाही, गणपतीला गावी आला की तेव्हाच घेऊन टाका. खरेदीखत, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), बिनशेतीचा आदेश आणि मंजूर लेआउटची प्रत सोबत ठेवा. लेआउटची प्रत विकणाऱ्याकडून पैसे द्यायच्या आधी घ्यायची, नंतर तो फोन उचलत नाही. घरपट्टी पाणीपट्टीची थकबाकी असली तर ती भरून पावती लावा, एवढ्यावर फाइल अडली तर आपल्यालाच लाज वाटते.

मोजणीला मात्र वेळ द्या. भूमी अभिलेखची मोजणी करून क प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात आल्याशिवाय आर्किटेक्टला फायनल प्लॅन काढायला लावू नका, कारण कागदावर प्लॉट चाळीस बाय चाळीस असतो आणि जागेवर शेजाऱ्याचं कंपाउंड दीड फूट आत आलेलं असतं, मग मार्जिन मोजायचं कुठून? फी जास्त भरून द्रुतगती मोजणी मिळते, घाई असेल तर तिथं पैसे घाला. शेजाऱ्याला मोजणीची नोटीस जातेच, तरी आदल्या दिवशी स्वतः जाऊन सांगून या, अर्धी भांडणं तिथंच मिटतात.

गुंठ्याचा हिशोब पण करून बघा. मुंबई आणि काही भाग सोडून राज्यासाठी एकच बांधकाम नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली, तिला सगळे युडीसीपीआर म्हणतात, त्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला प्लॅन आणि फी भरल्याची पावती हीच परवानगी धरतात, आणि १५० ते ३०० ला आर्किटेक्टच्या स्वतःच्या दाखल्यावर लवकर मंजुरी मिळते. आता गंमत अशी की एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटरच्या जरा वर, म्हणजे पुरा दीड गुंठा १५१ च्या पुढं जातो आणि तीन गुंठे ३०३ च्या पुढं. "दीड गुंठाच आहे, परवानगी कशाला" म्हणणाऱ्यानं आधी मोजणीतला आकडा बघावा. आणि पावतीवर चालतंय म्हणजे मार्जिन सोडायचं नाही असं नाही, नियम सगळे तेच.

सांगलीत खरा प्रश्न पाण्याचा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटाला इशारा आणि ४५ ला धोका, २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं हे सगळ्यांनाच माहितीय, तरी प्लॉट घेताना उन्हाळ्यात बघायला जातात. प्लॉटचा गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर घेऊन पूररेषेच्या नकाशावर बघून घ्या. निळी रेषा साधारण २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतनं एकदाची. निळ्याच्या आत नवीन घराची आशा सोडा. दोन्हीच्या मधे असाल तर अटी लागतात, जोता लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्यावा लागतो, म्हणजे भराव, पायऱ्या, खर्च सगळं वाढतं, ते बजेटमध्ये आधीच धरा. याच वेळी झोन दाखला आणि भाग नकाशा पण घ्या, प्लॉटवरनं विकास आराखड्यातला रस्ता किंवा बागेचं आरक्षण जातंय का ते त्यात कळतं.

गुंठेवारीतला, म्हणजे लेआउट मंजूर न करता गुंठ्या-गुंठ्यानं विकलेला प्लॉट असेल तर आधी नियमितीकरण. २००१ चा कायदा आहे, २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी त्यात घेतली. नियमितीकरणाचा दाखला नसताना घराची फाइल टाकणारे बघितलेत मी, ती परत येणार हे ठरलेलं. नोटरी केलेल्या स्टॅम्प पेपरवर प्लॉट घेतला असेल तर आधी वकील गाठा.

मग आर्किटेक्ट किंवा परवानाधारक इंजिनिअर, फाइल त्याच्याच लॉगिनवरनं ऑनलाइन जाते. त्याला फी विचारताना एवढं पण विचारा की त्रुटी निघाल्या तर उत्तर कोण देणार आणि किती दिवसांत. कारण कायदा, १९६६ चा एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, म्हणतोय की ६० दिवसांत निर्णय नाही आला तर परवानगी मिळाली असं मानायचं, पण ते दिवस तुमच्या शेवटच्या उत्तरापासनं मोजतात आणि प्लॅन नियमात बसणारा पाहिजे. उत्तर लटकलं तर तुमचं घड्याळ सुरूच होत नाही. त्या भरवशावर खड्डे मारू नका.

विकास शुल्क रेडीरेकनरवर, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या जमिनीच्या दरावर निघतं, बांधकाम कामगार उपकर एक टक्का, बाकी किरकोळ. रक्कम आधी काढून बाजूला ठेवा.

नामंजूर झालं तर कारण लेखी द्यावं लागतं त्यांना, ते घ्याच. बहुतेक वेळा प्लॅन सुधारून परत टाकणं स्वस्त पडतं, पण कारणच पटत नसेल तर ४० दिवसांत शासनाकडं अपील करता येतं, मुदत घालवू नका.

मंजूर झालं तर तारीख कॅलेंडरवर लिहा, परवानगी एका वर्षाची असते, काम सुरू नसेल तर मुदतीच्या आत वाढवून घ्या. जोत्यापर्यंत आलात की तपासणीला कळवा, गवंडी म्हणेल "साहेब काय येत न्हाईत, स्लॅब टाकू", ऐकू नका. भोगवटा प्रमाणपत्र (बांधून झालेलं घर वापरायची परवानगी) घेईपर्यंत मंजूर नकाशाची एक प्रत साइटवर लॅमिनेट करून ठेवा, बँकवाला आला की पहिल्यांदा तीच मागतोय.