ट्रेडच्या रबरात सोयाबीन तेल घालताना गंधकाचा हिशेब कसा जुळवायचा

ट्रेडच्या (टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या थराच्या) कंपाउंडमध्ये, म्हणजे रबराच्या मिश्रणात, तेल घालतात ते रबर मऊ व्हावं आणि कार्बन ब्लॅक नीट पसरावं म्हणून. हे तेल बहुतेक वेळा पेट्रोलियमचंच असतं. त्याजागी वनस्पती तेल चालतं, आणि थंडीत रबर लवचीक ठेवण्याच्या बाबतीत ते सरसही ठरतं. गुडइयरने २०१७ मध्ये आणलेल्या 'अश्युरन्स वेदररेडी' टायरच्या ट्रेडमध्ये सोयाबीन तेलच आहे. पण एक तेल काढून तितकंच दुसरं ओतलं की पहिल्याच रिओमीटर वक्रात (तापून पक्कं होणारं रबर पिळायला किती जोर लागतो त्याच्या आलेखात) टॉर्क घसरलेला दिसतो आणि तेलाला बोल लागतो. तेल वाईट नसतं, त्याने गंधक खाल्लेलं असतं.

तेल गंधक का खातं

रबराच्या साखळीत दुहेरी बंध असतात आणि त्यांच्या शेजारच्या कार्बनवर गंधक जोडला जातो आणि साखळ्यांना एकमेकींशी बांधून जाळं करतो. सोयाबीन तेलातही दुहेरी बंध आहेत. त्यातल्या लिनोलेइक आम्लाच्या भागात दोन दुहेरी बंधांच्या मधोमध असलेला कार्बन तर रबरातल्या कार्बनपेक्षाही लवकर गंधक पकडतो. तेलाला चिकटलेला गंधक दोन रबर साखळ्यांना बांधत नाही, म्हणजे जाळ्याच्या दृष्टीने तो वाया गेला.

किती वाया जाईल याचा अंदाज आयोडीन मूल्यावरून (१०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन घेतं) येतो. आयोडीन मूल्याला २५४ ने भागलं की १०० ग्रॅम तेलातल्या दुहेरी बंधांचे मोल मिळतात. सोयाबीनचं मूल्य १३० धरलं तर ०.५१ मोल. म्हणजे ८ भाग तेलात (भाग वजनाने, १०० भाग रबरामागे) ०.०४१ मोल. १०० भाग नैसर्गिक रबरात हाच आकडा १.४७ आहे. हिशेबाने तेलाचा वाटा तीन टक्क्यांच्याही आत, पण ते बंध जास्त चपळ असल्याने गंधकातला वाटा त्याहून मोठा निघतो. म्हणून कागदावरचा आकडा नेमक्या दुरुस्तीसाठी पुरेसा नाही. तेलांची आपसात तुलना करायला मात्र तो फार उपयोगी आहे. जवसाचं मूल्य १७० च्या वर, पामचं ५० च्या आसपास, खोबरेलचं जेमतेम ८ ते १०. खोबरेल गंधकाला जवळपास हात लावत नाही, पण २४ अंशांच्या आसपास गोठतं, त्यामुळे ते गरम करूनच मोजावं लागतं.

चाचणीची मांडणी

आधी खनिज तेलाचा नमुना पक्का करा. शंभर भाग नैसर्गिक रबरामागे एन-३३० प्रतीचं कार्बन ब्लॅक ५०, टीडीएई (हेच खनिज तेल) ८, झिंक ऑक्साइड ५, स्टिअरिक आम्ल २, ६पीपीडी १.५ आणि टीएमक्यू १ (दोन्ही रबर जुनं होऊ न देणारी), गंधक १.५ आणि टीबीबीएस (गंधकाची क्रिया वेगवान करणारं) १.२. मग पाच घाणे काढा:

क : टीडीएई ८, बाकी वरीलप्रमाणे
ख : सोयाबीन ८, गंधक आणि टीबीबीएस तेवढेच
ग : सोयाबीन ८, गंधक १.६५, टीबीबीएस १.३२
घ : सोयाबीन ८, गंधक १.८, टीबीबीएस १.४४
च : सोयाबीन ६, गंधक आणि टीबीबीएस 'क' इतकेच

'ग' आणि 'घ' मध्ये दोन्ही घटक एकाच प्रमाणात वाढवले आहेत, आणि ते मुद्दाम. नुसतं गंधक वाढवलं की टॉर्क परत येतो, पण लांब गंधकी साखळ्या वाढतात आणि जास्त वेळ गरम राहिल्यावर रबर उलटं मऊ पडू लागतं. 'च' घाणा अनेक जण वगळतात. वगळू नका. सोयाबीन तेल रबर जास्त मऊ करतं, म्हणून मुळात ८ भाग लागतातच का, हे त्यावरूनच कळतं. 'क' दोनदा काढा. दोन 'क' मधला फरक ही तुमच्या मोजमापाची चूक. त्याहून लहान फरकांवरून काहीच ठरवू नका.

तेल ताजं, रिफाइंड हवं. पेरॉक्साइड मूल्य (तेल किती खवट झालं याचं माप) १० च्या आत असावं. तळणीचं उरलेलं तेल नको, त्यात पाणी, पेरॉक्साइड आणि घट्ट झालेले अंश असतात आणि दर डब्याला क्युअर (गंधकाने रबर पक्कं होणं) बदलतो. कच्च्या तेलात मुक्त मेदाम्लही असतं. ते ३ टक्के असेल तर ८ भागांत ०.२४ भाग झालं, तेवढं स्टिअरिक कमी करा.

मळणी

बंद मिक्सर ७० ते ७५ टक्के भरा, सुरुवात ६०–७० अंशांवर. आधी नुसतं रबर मिनिटभर. मग अर्धं कार्बन ब्लॅक, झिंक ऑक्साइड आणि स्टिअरिक. तेल उरलेल्या कार्बन ब्लॅकबरोबरच, दोन हप्त्यांत. एकदम ओतलं तर माल भिंतीवर घसरतो, ताण पडत नाही आणि काळे गोळे तसेच राहतात. वनस्पती तेलात ही घसरण जास्त जाणवते. शेवटी ६पीपीडी आणि टीएमक्यू घालून १४५–१५० अंशांवर बाहेर काढा. पातळ शीट करून निदान चार तास थंड होऊ द्या. मग ७० अंशांच्या मिलवर गंधक आणि टीबीबीएस घाला. माल १०० अंशांच्या पुढे जाऊ देऊ नका, नाहीतर रिओमीटरपर्यंत पोचण्याआधीच स्कॉर्च (वेळेआधीच क्युअर) सुरू होईल.

वक्र वाचताना

रिओमीटर १५० अंशांवर साठ मिनिटं चालवा, तीसवर थांबू नका. रिव्हर्शन, म्हणजे रबर उलटं मऊ पडणं, उशिरा दिसतं. किमान टॉर्क 'क' पेक्षा कमी येणारच, ते मऊपणाचं लक्षण. पाहायचा तो कमाल आणि किमान यांतला फरक. 'ख' मध्ये तो कमी आणि 'ग' मध्ये 'क' च्या जवळ असेल तर गंधकाचंच कारण होतं. 'घ' मध्येही फरक भरून आला नाही, तर गंधक वाढवणं थांबवा आणि कार्बन ब्लॅकचं पसरणं तपासा.

आणखी एक तपासणी खर्चाने किरकोळ, पण मोलाची. एकाच घाण्याच्या कच्च्या आणि पक्क्या (क्युअर झालेल्या) नमुन्यातलं तेल ॲसिटोनने काढा. पक्क्यातून कमी तेल सुटलं, तर उरलेलं रबराच्या जाळ्याला बांधलं गेलं आहे. ते कालांतराने पृष्ठभागावर येणार नाही.

२ मिलिमीटर शीटसाठी टी-९० (९० टक्के क्युअरला लागणारा वेळ) अधिक दोन मिनिटं प्रेस करा. ताणशक्ती, ३०० टक्के मॉड्युलस, शोअर ए कडकपणा आणि झीज, सगळं मोजा. ओल्या रस्त्यावरची पकड स्वतंत्रपणे पाहा. वनस्पती तेल काचसंक्रमण तापमान (ज्याखाली रबर काचेसारखं कडक होतं) खाली नेतं, थंडीत त्याचा फायदा होतो, पण ० अंशावरचा टॅन डेल्टा (ओल्या पकडीचा अंदाज देणारं माप) घटू शकतो.

इतर वनस्पतिजन्य घटक

काजूच्या टरफलाच्या तेलातलं कार्डेनॉल तेलाच्या बदल्यात २ ते ५ भाग वापरतात. त्याची बाजूची साखळी सरासरी दोन दुहेरी बंधांची आणि रेणूभार सुमारे ३००, म्हणजे दर ग्रॅमला ते सोयाबीनपेक्षाही जास्त बंध आणतं. गंधकाचा हिशेब इथेही करावाच लागतो. ऊर्ध्वपातन केलेलं कार्डेनॉलच घ्या. टरफलाचं कच्चं तेल कातडी भाजतं, फोड येतात.

राळ चिकटपणासाठी १ ते ३ भाग पुरे. ती आम्लधर्मी असल्याने क्युअर लांबवते. हायड्रोजनीकृत राळ असेल तर त्रास कमी. लिमोनिन सरळ घालू नका: ते १७६ अंशांवर उकळतं, पण १५० वरच त्याची वाफ मालात बुडबुडे करते. त्यापासून केलेल्या टर्पीन रेझिनला ही अडचण नाही. एरंडेल नैसर्गिक रबराशी नीट जमत नाही आणि तेलकट थर होऊन बाहेर येतं. लिग्निन हवेतलं पाणी ओढतं, ८० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवूनच घाला.

स्टिअरिकऐवजी लॉरिक आम्ल वापरायचं तर वजन तेवढंच ठेवू नका, मोल सारखे ठेवा: २ भाग स्टिअरिकला १.४ भाग लॉरिक.

पोलादी पट्ट्याच्या कंपाउंडमध्ये यातलं काहीही पहिल्या फेरीत करू नका. पितळ आणि रबराची पकड गंधक, कोबाल्ट आणि मेदाम्ल यांच्या नाजूक तोलावर टिकते. तिथे चूक रिओमीटरवर दिसत नाही, रस्त्यावर पट्टा सुटल्यावर कळते.

जवसाच्या तेलाने ओल्या झालेल्या चिंध्या ढीग करून ठेवू नका. हवेशी क्रिया होऊन त्या आपोआप तापतात आणि पेट घेतात. झाकणाच्या लोखंडी डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.

तयार शीट ७० अंशांवर ७२ तास ठेवून कडकपणा पुन्हा मोजा. मग उरलेले तुकडे तीन आठवडे उजेडात ठेवा आणि दर आठवड्याला पांढऱ्या कागदावर दाबून पाहा. तुकड्याच्या पृष्ठभागावर पांढरी भुकटी दिसली तर बहुधा गंधक बाहेर येतंय. कागदावर तेलकट डाग पडला तर तेलाचं प्रमाण दोन भागांनी कमी करून घाणा पुन्हा काढा.