लहान खोलीसाठी हाय-फाय स्पीकर कसे निवडावेत

हाय-फाय स्पीकर घेताना बहुतेक जण आधी बजेट ठरवतात, मग ब्रँड, आणि स्पीकर घरी आल्यावर ते ठेवायचे कुठे याचा विचार करतात. दहा बाय बाराच्या खोलीसाठी हा क्रम उलटा करावा, कारण एवढ्याशा जागेत खालचे स्वर कसे ऐकू येणार, हे स्पीकरपेक्षा खोलीच अधिक ठरवत असते.

म्हणून पहिली पायरी मोजमापाची. खोलीची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजावी आणि ५६५ या संख्येला प्रत्येक मापाने भागावे. ध्वनी सेकंदाला साधारण ११३० फूट अंतर कापतो, त्याची ही निम्मी संख्या. येणारे उत्तर हर्ट्‌झमध्ये (सेकंदाला होणाऱ्या कंपनांत) असते आणि त्या दिशेने खोली सर्वांत आधी कोणत्या स्वरावर घुमेल ते सांगते. १२ फुटांसाठी ते सुमारे ४७ येते, १० फुटांसाठी सुमारे ५६ आणि ८ फुटांसाठी सुमारे ७०. खोली दहा बाय दहा असेल तर लांबी आणि रुंदी या दोन्हींचा घुमार एकाच स्वरावर जमतो. अशा खोलीत जास्तच सावध राहावे.

हे आकडे कागदापुरते नाहीत. काळी एकमध्ये (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीत) गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्‌झवर असतो आणि त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्‌झच्या आसपास लागते. खोली आठ फूट रुंद असेल, तर ती तार जवळपास खोलीच्या घुमारावरच येऊन पडते. मग जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन, तारा मागे राहतात, खर्ज तेवढा खोलीभर पसरतो आणि दोष मात्र स्पीकरला दिला जातो. त्यात आपल्याकडच्या विटांच्या आणि काँक्रीटच्या भिंती खालचे स्वर फारसे शोषत नाहीत, बाहेरही जाऊ देत नाहीत. लाकडी सांगाड्याच्या, पातळ भिंतींच्या परदेशी घरांत बसून लिहिलेल्या परीक्षणात ‘बास (खालचे स्वर) थोडा कमी आहे’ असे म्हटलेले असले, तरी आपल्या फ्लॅटमध्ये तोच स्पीकर नेमका बसू शकतो.

दुसरी पायरी म्हणजे स्पीकर आणि ऐकणारा यांची जागा खरेदीपूर्वीच ठरवणे. बारा फूट लांबीच्या खोलीत स्पीकर आखूड भिंतीकडे ठेवून त्यांचा दर्शनी भाग भिंतीपासून अडीच फुटांवर आणावा आणि दोन स्पीकरांमध्ये पाच ते साडेपाच फूट अंतर राखावे. ऐकणाऱ्याची खुर्ची स्पीकरपासून साडेपाच फुटांवर ठेवली, की तिच्यामागे चार फूट मोकळे राहतात. खुर्ची मागच्या भिंतीला टेकवली तर खालचे स्वर फुगतात, आणि खोलीच्या अगदी मध्यावर ठेवली तर लांबीचा पहिला घुमार तिथे जवळजवळ ऐकूच येत नाही. ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला वरचे स्वर वाजवणारा लहान भाग, कानाच्या उंचीवर यायला हवा. ज्या घरात गादीवर बैठक मारून गाणे ऐकले जाते, तिथे बाजारातले नेहमीचे स्टँड उंच पडतात, म्हणून बसलेल्या माणसाच्या कानापर्यंतची उंची मोजून मगच स्टँड घ्यावेत.

एवढे झाल्यावर स्पीकरचा आकार बराचसा आपोआप ठरतो. साडेपाच फुटांवरून ऐकायचे असेल, तर उभ्या, मोठ्या स्पीकरमधल्या तीन-चार वूफरांचे (खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या भागांचे) आवाज कानाशी येईपर्यंत नीट एकजीव होत नाहीत. पाच ते साडेसहा इंची एक वूफर आणि एक ट्वीटर असलेला बुकशेल्फ स्पीकर, म्हणजे स्टँडवर किंवा फळीवर ठेवायचा छोटा स्पीकर, इथे अधिक योग्य. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांतील अरुंद जागेसाठी एलएस३/५ए हा मॉनिटर (ध्वनी तपासण्यासाठीचा स्पीकर) बनवला. त्यात पाच इंची वूफर आणि जेमतेम पाच लिटरांची बंद पेटी होती, तरीही मानवी आवाजाच्या खरेपणासाठी तो आजही नावाजला जातो. लहान जागेसाठी लहान स्पीकर घेणे ही तडजोड नाही, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

पेटी बंद आहे की पोर्टची, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्यासाठी भोक असलेली, हेही पाहावे. पोर्टच्या स्पीकरचा खर्ज, म्हणजे खालचे स्वर, अधिक खाली जातो, पण ठरावीक वारंवारतेनंतर तो झपाट्याने तुटतो. बंद पेटीचा खर्ज लवकर उतरू लागला तरी सावकाश उतरत जातो, आणि लहान खोली खालच्या स्वरांना जो आधार देते त्याच्याशी हा उतार चांगला जुळतो. स्पीकर भिंतीजवळच ठेवावा लागणार असेल, तर माझी पसंती बंद पेटीला. ती न मिळाल्यास पोर्ट पुढच्या बाजूला असलेला, किंवा सोबत फोमचे बोळे मिळणारा स्पीकर घ्यावा. ते बोळे पोर्टमध्ये बसवले की फुगलेला खर्ज बराच आवरतो.

माहितीपत्रकातले दोन आकडे अ‍ॅम्प्लिफायरच्या, म्हणजे स्पीकरला वीज पुरवून वाजवणाऱ्या यंत्राच्या, दृष्टीने महत्त्वाचे असतात: संवेदनशीलता (दिलेल्या विजेवर स्पीकर किती मोठा वाजतो) आणि ओहम (तो विजेला किती विरोध करतो). संवेदनशीलता ८६ डेसिबल असलेला आठ ओहमचा स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर ८६ डेसिबल आवाज देतो, आणि वॅट दुप्पट केल्यावर त्यात तीनच डेसिबलची भर पडते. एवढ्या जवळून ऐकताना रोजच्या ऐकण्याला एखादा वॅटही पुरतो, बाकीची ताकद तबल्याच्या थापेसारख्या क्षणिक उसळ्यांसाठी लागते. त्यामुळे तीस ते पन्नास वॅटचा चांगला अ‍ॅम्प्लिफायर भरपूर झाला. चार ओहमचा स्पीकर मात्र अ‍ॅम्प्लिफायरला तो झेपतो याची खात्री करूनच घ्यावा.

शेवटची पायरी ऐकण्याची, आणि तिला घाई करू नये. दुकानातली चकचकीत नमुना-गाणी बाजूला ठेवून आपल्या रोजच्या ऐकण्यातली ध्वनिमुद्रणे न्यावीत. तानपुऱ्याच्या चारही तारा वेगवेगळ्या ऐकू येतात का, बायाँवरची (तबल्याच्या डग्ग्यावरची) मींड सलग सरकते की मधल्याच एका स्वरावर जाड होते, तार सप्तकातला स्त्री-आवाज टोचतो का, हे पाहावे. दोन स्पीकरांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवावी, कारण जरासा मोठा वाजणारा स्पीकर कानाला नेहमी सरस वाटतो. दुकानाची खोली मोठी असेल, तर तिथला खर्ज घरी तसाच येईल असे धरून चालू नये; शक्य असल्यास काही दिवस घरी वाजवून पाहण्याची किंवा परत करण्याची मुभा आधीच लेखी घ्यावी आणि खोकी जपून ठेवावीत. घरी खर्ज घुमतोय असे वाटले, तर परत करण्यापूर्वी स्पीकर आणि खुर्ची दोन-तीन इंचांनी पुढे-मागे सरकवून पाहावे. जाड पडदे आणि सतरंजीने वरच्या स्वरांचा खणखणाट कमी होतो, पण घुमणाऱ्या खर्जावर त्यांचा परिणाम नगण्य असतो. सबवूफरचा (फक्त सर्वांत खालचे स्वर वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरचा) विचार ही जागा पक्की झाल्यानंतरच करावा.