रब्बीची राखण: कॅमेऱ्याचे चित्रण शेतातल्याच मोबाइलवर तपासा

हरभऱ्याचे घाटे भरू लागले, मका दुधात आला की रानडुकरांचे कळप रात्री शिरतात. कॅमेरे बसवूनही नुकसान होते, कारण सगळे चित्रण नेटवरून घरी ओढले जाते. २ एमबीपीएसचे चित्रण तासाला ९०० एमबी खाते. दीड-दोन जीबीचा रोजचा पॅक मध्यरात्रीआधीच संपतो. घरात पडून असलेला जुना अँड्रॉइड मोबाइल शेतातल्या पेटीत ठेवा. चित्रण तिथेच तपासले जाईल, घरी फक्त इशारा आणि एक फोटो येईल.

मोबाइलचा स्वतःचा कॅमेरा अंधारात कुचकामी, त्यातला फिल्टर अवरक्त (इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश अडवतो. रात्री अंधारात पाहू शकणारा वायफाय कॅमेरा घ्या आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटला २.४ गिगाहर्ट्झवर जोडा. खरेदीआधी तो आरटीएसपी (चित्रण थेट दुसऱ्या ॲपला पाठवायची पद्धत) देतो का, हे विचाराच. नसेल तर चित्रण कंपनीच्या ॲपबाहेर निघत नाही. तपासणीला ६४० × ३६० आकार आणि सेकंदाला ५ फ्रेम पुरतात.

आधी फ्रेममधला फरक बघायचा, हालचाल असेल तरच प्राणी ओळखणारे मॉडेल चालवायचे. ते अखंड चालले तर फोन तापून मंदावतो. कोको नावाच्या फोटोंच्या संचावर शिकवलेल्या तयार मॉडेलना डुक्कर माहीतच नाही; ती त्याला मेंढी, गाय, अस्वल काहीही म्हणतात. म्हणून नावाकडे न पाहता कुठल्याही चौपायावर इशारा लावा. शेजाऱ्याच्या गाईनेही फोन वाजेल, पण डुक्कर सुटण्यापेक्षा ते परवडले.

बांधावरच्या, शरीराच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणाऱ्या स्वस्त पीआयआर सेन्सरचा पल्ला सुमारे ७ मीटर. ते गुडघ्याच्या उंचीवर लावा. त्यांचा संदेश लोराने (कमी विजेवर दूर जाणाऱ्या रेडिओने) ८६५–८६७ मेगाहर्ट्झवर आणा. लोराचा रिसीव्हर मोबाइलला ओटीजीने (चार्जिंगच्या खाचेतल्या केबलने) जोडू नका, बऱ्याच फोनमध्ये त्याच वेळी चार्जिंग होत नाही. त्याऐवजी तो ईएसपी३२ या छोट्या वायफाय बोर्डला जोडा आणि बोर्ड हॉटस्पॉटवर घ्या.

फोन आणि कॅमेरा मिळून ८ वॅट धरले तर १२ तासांना ९६ वॅट-तास लागतात. १२ व्होल्ट, २० एएच (अँपिअर-तास) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि ५० वॅटचे पॅनेल पुरते. फोन कायम चार्जिंगवर ठेवला तर त्याची बॅटरी फुगते, टायमर लावा. चित्रण तपासणाऱ्या ॲपचे बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, नाहीतर स्क्रीन बंद झाल्यावर अँड्रॉइड ते मध्येच थांबवते.

खोट्या इशाऱ्यांचे मोठे कारण कोळी! अवरक्त दिव्याकडे किडे येतात, त्यांच्यामागे कोळी, आणि भिंगासमोर हलणारे जाळे. दिवा कॅमेऱ्यापासून हातभर दूर लावा, भिंग आठवड्यातून एकदा पुसा.