कोपाकबानात नवीन आलात? आधी आतले रस्ते पायाखाली घाला

ब्राझीलमधल्या रिओत उतरलेला आपला माणूस पहिल्याच संध्याकाळी समुद्राकडे धावतो. मीही धावले होते. एका ओळखीच्या बाईंना "बीचवर भेटू" असं सांगितलं आणि तासभर वाळू तुडवली. किनारा चार किलोमीटरचा आहे हे डोक्यातच आलं नव्हतं. इथे माणसं बीचवर नाही, 'पोस्तु'वर भेटतात. पोस्तु म्हणजे जीवरक्षकांच्या चौक्या, प्रत्येकीला आकडा. किनाऱ्याच्या एका टोकाला, लेमे वस्तीकडे १, दुसऱ्या, कोपाकबाना किल्ल्याच्या टोकाला ६. भाड्याचं घर बघायला गेलात तरी आधी हेच विचारा, कुठल्या पोस्तुजवळ?

समुद्रकाठची आवेनिदा अत्लांतिका पाहुण्यांची. तुमचा संसार मागच्या दोन रस्त्यांवर चालणार: नोस्सा सेन्योरा दे कोपाकबाना आणि बाराता हिबेइरु. (बाराता म्हणजे झुरळ, आणि स्वस्तही! पण रस्त्याचं नाव शहराच्या पहिल्या महापौरांच्या आडनावावरून आलंय.) हो, 'र'ने सुरू होणाऱ्या शब्दात इथे 'ह' ऐकू येतो. मी आठवडाभर 'रुआ' म्हणत होते, लोक 'हुआ' म्हणत होते. औषधं, किल्लीवाला, चप्पल शिवणारा, सगळं इथेच. सिकेइरा कांपुस मेट्रोजवळ आत वळलात की बाइर्रु पेइशोतु लागतं. तिथल्या चौकातल्या झाडांखाली म्हातारे पत्ते कुटत बसलेले असतात, दोन मिनिटांवरचा गोंगाट तिथे पोचतच नाही. मला अख्ख्या कोपाकबानात आवडती जागा हीच.

इथल्या पोर्तुगीज भाषेची फार धास्ती घेऊ नका. 'बाताता', 'पांव', 'शावि', 'साबांव' हे कानावर पडलं की बटाटा, पाव, चावी, साबण आठवतील. पगारही त्यांच्याच 'पागार'मधून आलाय, फक्त इथे त्याचा अर्थ पैसे देणं! काजू तर मुळात इथलाच. बोंडाचा रस कोकणात हवा तेव्हा मिळत नाही, इथे ज्यूसच्या टपरीवर 'सुकु दि काजू' मागा.

आठवड्याच्या बाजाराला 'फेइरा' म्हणतात. तुमच्या भागात कोणत्या वारी भरतो ते इमारतीच्या 'पोर्तेइरु'ला, म्हणजे आपल्या वॉचमनला, विचारा. बाजार उठायच्या वेळी जावं, भाव उतरतात, त्याला 'शेपा' म्हणतात. उसाच्या रसाबरोबर गरम पास्तेल (सारण भरून तळलेली पातळ पारी) खाल्लंत की पोळपाट-लाटणं घरी का आणलं, असं वाटेल. शाकाहारींनी मात्र काळ्या घेवड्याचं 'फेइजांव' वाढून घेण्याआधी विचारावं, त्यात डुकराचं मांस असतं बऱ्याचदा.

लाटांची नक्षी असलेला पदपथ उद्यानरचनाकार बुर्ले मार्क्स यांनी १९७०च्या सुमारास नव्याने आखला. पावसात ते दगड शेवाळासारखे निसरडे होतात, रबरी चपला घालून मी एकदा साफ आपटलेय. मोबाइल हातात धरून चालू नका, नकाशा बघायचा तर दुकानात शिरा. रविवारी मात्र समुद्राकडची बाजू गाड्यांना बंद असते, तेव्हा लेमेपासून चालायला सुरुवात करा. पिंप खांद्यावर घेतलेले चहावाले भेटतील. थंड गोड 'माची' एकात, लिंबूपाणी दुसऱ्यात. दोन्ही मिसळून मागा.

चालत सहाव्या पोस्तुला पोचलात की कोळ्यांच्या होड्या दिसतील. सकाळी लवकर गेलात तर ताजी मासळी मिळते. कालवणापुरती घ्यायची असेल तर "लिंपु, पुर फावोर" म्हणा, खवलं काढून देतात. डोकं मात्र मागून घ्या, नाहीतर सरळ फेकून देतील.