मेजर एअरलाइनचा कॉल आलाय? सूट शिवायला टाकायच्या आधी कॉन्ट्रॅक्ट वाचा

अमेरिकेत रीजनलवर (मोठ्या कंपन्यांसाठी छोटी विमानं चालवणारी एअरलाइन) उडणाऱ्या पोराला मेजरकडून (डेल्टा, युनायटेड, अमेरिकनसारखी मोठी एअरलाइन) इंटरव्ह्यूचा मेल आला की तो सगळ्यात आधी काय करतो, तर पगाराचा तक्ता उघडतो, बाराव्या वर्षाच्या वाइडबॉडी (दोन गल्ल्यांच्या मोठ्या विमानाच्या) कॅप्टनचा तासाचा रेट बघतो आणि मनातल्या मनात घर घेऊन मोकळा होतो. मीपण तेच केलं होतं. त्या रेटपर्यंत आपण कधी पोचणार हे मात्र तक्त्यात नसतं, ते असतं सिनिऑरिटी लिस्टमध्ये (कोण आधी लागलं त्या क्रमाच्या यादीत) आणि युनियनच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये, आणि ही दोन कागदं कशी वाचायची ते कुठलंच फ्लाइट स्कूल शिकवत नाही.

पात्रतेचं पटकन उरकतो. वय 23, उड्डाणाचे 1500 तास, एटीपी (एअरलाइन पायलटचं सर्वोच्च लायसन्स). फेब्रुवारी 2009 मध्ये बफेलोजवळ कोल्गन या रीजनल एअरलाइनचं विमान पडून 50 माणसं गेली, त्यावरून 2010 चा कायदा आला आणि 2013 पासून एअरलाइनच्या को-पायलटलाही एटीपी लागायला लागलं. मिलिटरीवाल्यांना 750 तासांवर, मान्यताप्राप्त कॉलेजच्या एव्हिएशन डिग्रीवाल्यांना 1000 तासांवर रिस्ट्रिक्टेड एटीपी मिळतं, पण ती सवलत बहुतेक करून रीजनलच्या दारापर्यंतच कामाची. बाकी फर्स्ट क्लास मेडिकल, पासपोर्ट, आणि अमेरिकेत कुठल्याही अटीशिवाय काम करायचा हक्क, म्हणजे व्हिसावर असाल तर आधी ग्रीन कार्ड बघा मग मेजर.

अर्ज भरताना एकच गोष्ट डोक्यात ठेवा, लपवाछपवी नाही म्हणजे नाही. चेकराइड (परीक्षेचं उड्डाण) फेल, ट्रेनिंगमधला गोंधळ, जुन्या कंपनीने काढलं असेल तर ते, हे सगळं एफएएच्या (अमेरिकेचं विमान वाहतूक खातं) पायलट रेकॉर्ड्स डेटाबेसमध्ये असतं आणि कंपनी तुमची संमती घेऊन ते उघडतेच, शिवाय ड्रायव्हिंग लायसन्सचा रेकॉर्डही तपासतात. एकदोन फेल असतील तर ते सांगून निभावतं, सांगितलं नाही तर तोच मुद्दा खोटेपणाचा होतो आणि मग निभावत नाही. लॉगबुकची बेरीज दोनदा करा. माझ्या माहितीतल्या एकाचे मल्टी-इंजिनचे तास अर्जात आणि लॉगबुकात जुळेनात, चूक साधी होती, पण पूर्ण इंटरव्ह्यू त्या एका बेरजेवर गेला बिचाऱ्याचा.

इंटरव्ह्यूत 'एखादा प्रसंग सांगा जेव्हा कॅप्टनशी तुमचं पटलं नाही' टाइप प्रश्न हमखास येतात. पाठ केलेलं उत्तर लगेच ओळखू येतं. खरे सहा-सात प्रसंग आधी लिहून काढा, त्यातला निदान एक असा हवा की ज्यात चूक तुमची होती, आणि नंतर तुम्ही काय बदललं ते दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे.

आता मुख्य विषय, सिनिऑरिटी. मेजरमध्ये तुम्ही किती चांगलं उडवता याला पास होण्यापुरतीच किंमत, त्यानंतर बेस (जिथून ड्युटी सुरू होते ते शहर), विमान, सुट्ट्या, महिन्याची लाइन (उड्डाणांचं वेळापत्रक), कॅप्टन कधी होणार हे सगळं तुमच्या नंबरावर. नंबर ठरतो क्लासच्या, म्हणजे नव्या भरतीच्या ट्रेनिंग बॅचच्या, तारखेवरून. एकाच क्लासमधल्यांचा क्रम कुठे वयावरून लावतात तर कुठे सोशल सिक्युरिटी नंबरच्या शेवटच्या आकड्यांवरून, हसू नका, त्या आकड्यांवर पुढची तीस वर्षं दिवाळीला घरी की हॉटेलात ते ठरतं. आणि हा नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. दहा वर्षं काढून दुसरीकडे गेलात तर परत शेवटून पहिले. म्हणून दोन ऑफर असतील तर बोनस आणि युनिफॉर्म बाजूला ठेवा आणि हा हिशोब करा: तिथल्या ओळखीच्या पायलटला विचारा की पुढच्या प्रत्येक वर्षी किती जण 65 चे होतायत (कायद्याने पार्ट 121 मध्ये, म्हणजे एअरलाइनच्या उड्डाणांत, 65 नंतर उडवता येत नाही), त्या बेसवर, त्या विमानावर सगळ्यात ज्युनिअर कॅप्टन कधीचा हायर आहे, आणि रिझर्व्हवर (ठरलेल्या फ्लाइट नाहीत, बोलावलं की जायचं) लोक सरासरी किती काळ अडकतात. 2007 च्या डिसेंबरमध्ये ही मर्यादा 60 वरून 65 झाली तेव्हा खालच्या सगळ्यांचं प्रमोशन वर्षानुवर्षं तुंबलं, त्यामुळे 67 करा अशी मागणी निघाली की ज्युनिअर लोक का भडकतात ते आता कळलं असेल. 2024 च्या एफएएच्या कायद्यात ते 67 आलं नाही.

क्लासची तारीख लवकरात लवकरची मिळेल ती घ्या. बहिणीचं लग्न आहे म्हणून दोन महिने पुढे ढकलली तर मधल्या क्लासमधले सगळे कायमचे तुमच्या पुढे. 2024 मध्ये बोइंगच्या डिलिव्हरी लांबल्या म्हणून युनायटेडने मे-जूनचे नवे क्लास थांबवले होते, म्हणजे हे दार कधी बंद होईल याचा भरवसा नाही.

कॉन्ट्रॅक्ट कुठून वाचायचं? बहुतेक जण पगाराचं कलम वाचतात आणि पुस्तक मिटतात. मी म्हणतो आधी स्कोप वाचा. कंपनीच्या नावाने कोण आणि केवढं विमान उडवणार ते तिथे लिहिलेलं असतं. तुमच्या रीजनलच्या ई-175 विमानात 76 सीट का, याचं उत्तर मोठ्या कंपन्यांच्या स्कोप कलमात आहे, आणि 86,000 पाउंडाची वजनमर्यादाही त्यातलीच, म्हणूनच त्याच विमानाचं नवं ई-2 मॉडेल जड पडलं आणि अमेरिकेच्या रीजनलमध्ये आलंच नाही. स्कोप ढिलं झालं की मेजरची कामं रीजनलकडे जातात, मग तुमच्या भारी रेटचं करायचं काय. त्यानंतर रिझर्व्हचे नियम, शॉर्ट कॉलला (ऐनवेळच्या बोलावण्याला) किती वेळात पोचायचं, महिन्याचे हमीचे तास किती, ट्रिप कॅन्सल झाली तर पैसे मिळतात का. पगार शेवटी.

आणि हे कॉन्ट्रॅक्ट कधी 'संपत' नाही, हे नवीन पोरांना कुणी सांगतच नाही. एअरलाइन्सना रेल्वे लेबर ॲक्ट लागतो, 1926 चा, विमानांना 1936 पासून. त्यात तारीख येते ती फक्त बदलाची बोलणी सुरू करायची, नवं होईपर्यंत जुन्याच अटी चालू. बोलणी अडली तर नॅशनल मिडिएशन बोर्ड (सरकारी मध्यस्थ), त्यांनी सोडलं तरच 30 दिवसांचा कूलिंग ऑफ (थांबायचा काळ), आणि त्यानंतरच संप, तोही राष्ट्राध्यक्ष थांबवू शकतात. फेब्रुवारी 1997 मध्ये अमेरिकनचे पायलट मध्यरात्री संपावर गेले आणि क्लिंटननी काही मिनिटांतच तो थांबवला. याउलट 2010 मध्ये स्पिरिटचे पायलट खरंच पाच दिवस बसले, पण असं क्वचित. बहुतेक वेळा वर्षानुवर्षं नुसतं घासाघीस. डेल्टाचं कॉन्ट्रॅक्ट 2019 च्या अखेरीस खुलं झालं, मध्ये कोविड आला, ऑक्टोबर 2022 मध्ये 99 टक्क्यांनी संपाला मंजुरी दिली आणि मार्च 2023 मध्ये कुठे नवीन पास झालं, एकूण 34 टक्क्यांची वाढ, पहिल्याच दिवशी 18. तेव्हा 'यंदा कॉन्ट्रॅक्ट खुलं होतंय, पगार वाढेल' या हिशोबाने गाडी घेऊ नका.

युनियन बहुतेक ठिकाणी अल्पा (एअर लाइन पायलट्स असोसिएशन), 1931 ची. अमेरिकनवाल्यांची स्वतंत्र एपीए, साउथवेस्टवाल्यांची स्वापा. कराराचा मसुदा आला की मतदान तुम्हीच करता आणि त्याला दात आहेत, 2022 मध्ये युनायटेडच्या पायलटांनी आलेला मसुदा 94 टक्क्यांनी फेकून दिला आणि 2023 मध्ये चांगला घेतला. मात्र बोलणी तापली की कोणीतरी कानात सांगतं, 'या वीकेंडला सगळे सिक मारूया'. अजिबात करू नका. 1999 मध्ये अमेरिकनने रेनो एअर घेतली त्या वादात असंच झालं, कोर्टाने युनियनला साडेचार कोटी डॉलरच्या वर दंड ठोकला. खरंच आजारी असाल तर आजारी, खरंच दमला असाल तर फटीग कॉल करा (दमलोय, उडवत नाही असं कळवा), त्यासाठी पार्ट 117 हा एफएएचा विश्रांतीचा नियम आहे, 2014 पासून ड्युटीआधी 10 तास विश्रांती आणि त्यात 8 तास सलग झोपेची संधी. त्यात लाजायचं काही नाही.

पहिलं वर्ष प्रोबेशनचं. या काळात काढून टाकलं तर युनियन साधारण तुमच्यासाठी ग्रीव्हन्स (कंपनीविरुद्धची तक्रार) लढू शकत नाही, म्हणून तोंड बंद, कान उघडे, वेळेवर हजर, क्रॅशपॅड (पायलटांची भाड्याची झोपायची जागा) बेसच्या जवळ, दुसऱ्या शहरातून विमानाने कम्युट करत असाल तर शेवटच्या फ्लाइटच्या भरवशावर कधीच नाही. चीफ पायलटने बोलावलं तर ऑफिसात शिरायच्या आधी युनियन प्रतिनिधीला फोन, मग भले कारण चहापाण्याचं सांगितलेलं असू दे. आणि विमानात काही चुकलं तर त्याच दिवशी एएसएपी (स्वतःहून चूक कळवायची सोय) रिपोर्ट भरा, उशीर केला तर संरक्षण जातं.

मर्जर झालं तर दोन लिस्ट एक कशी करायची यावर माणसं आयुष्यभर भांडतात. 2001 मध्ये टीडब्ल्यूए अमेरिकनमध्ये गेली तेव्हा टीडब्ल्यूएचे बरेचसे पायलट सरळ लिस्टच्या तळाला जोडले (याला स्टेपल म्हणतात), वीस वर्षांची सर्व्हिस असलेले लोक कालच्या पोरांच्या मागे. त्यानंतर 2007 चा मॅककॅस्किल-बाँड कायदा आला, आता एकत्रीकरण न्याय्य पद्धतीने आणि न जमल्यास लवादाकडून करावं लागतं, तरीपण कुणाचं समाधान होत नाही ते सोडा.

फर्लो (कामाअभावी तात्पुरती कपात) लागला तर खालून वर कापतात आणि परत बोलावताना वरून खाली. नंबर तुमचाच राहतो, पण रिकॉलचं पत्र कंपनीच्या नोंदीतल्या पत्त्यावर येतं आणि उत्तराला मुदत असते. 11 सप्टेंबरनंतर गेलेले कितीतरी जण वर्षानुवर्षं बाहेर होते, तेवढ्यात माणूस दोन घरं बदलतो. पत्ता आणि फोन कंपनीकडेही बदला, युनियनकडेही, वेगवेगळे.