पॅरिशच्या वह्यांतलं वय कितपत खरं मानायचं?

इंग्लंडच्या सामाजिक इतिहासात किंवा वंशावळीच्या कामात नव्याने शिरलेल्यांना पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, नोंदवह्या पहिल्यांदा हाती आल्या की वाटतं, चला, वय लिहिलेलं आहे, काम झालं. मला विचाराल तर खरं काम तिथून सुरू होतं.

आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या १५३८ च्या हुकमाने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन टिपायला सुरुवात झाली, पण वय लिहा असं त्यात नव्हतं. दफनाच्या वहीत वयाचा छापील रकाना आला तो १८१३ पासून, जॉर्ज रोझच्या कायद्याने. त्यामुळे त्याआधीच्या वहीत वय दिसलं, तर त्या पाद्र्याने सगळ्यांचंच लिहिलंय की फक्त फार म्हाताऱ्यांचं, हे आधी तपासा.

आणि मेलेला माणूस काही आपलं वय सांगत नाही. सांगते मुलगी, शेजारीण, नाहीतर वर्कहाउसचा (गरिबांना ठेवून काम करून घेणाऱ्या आश्रयगृहाचा) कारकून. ‘तीन दिवस’, ‘सहा आठवडे’ अशा तान्ह्यांच्या वयावर मी बराच विश्वास ठेवते, कारण आई-बाप जवळच असतात. साठीपुढे मात्र ६०, ७०, ८० या आकड्यांवर गर्दी होते. एखाद्या गावाची दफनं वयानुसार मांडून बघा, ७९ आणि ८१ बिचारे ओस पडलेले दिसतील. मास्तरांनी शाळेत घालताना १ जून ही जन्मतारीख टाकलेले आजोबा ज्यांच्या घरात आहेत, त्यांना हे वेगळं समजवायला नको.

टोकाचं उदाहरण थॉमस पारचं. १६३५ मध्ये तो वारला तेव्हा वय १५२ सांगितलं गेलं आणि वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन झालं. शवविच्छेदन केलं रक्ताभिसरण उलगडणाऱ्या खुद्द विल्यम हार्वीने! पण हिशेबाने त्याचा जन्म १४८३ चा, म्हणजे वह्या सुरू होण्याच्या ५५ वर्षं आधीचा. पडताळणार कशावरून?

लग्नाच्या वहीत खोटं बोलायला कारणही असे. १७५४ पासून, लायसन्सवर, म्हणजे चर्चच्या अधिकाऱ्यांकडून घेतलेल्या परवान्यावर, लग्न करायचं आणि वय २१ च्या खाली असेल तर वडिलांची किंवा पालकांची संमती लागे. मग एकोणीस वर्षांची पोर एकवीसची होई. १८३७ च्या नव्या नमुन्यात वयाचा रकाना होता, तरी कित्येक पाद्री नुसतं ‘पूर्ण वय’ लिहून मोकळे होत. त्याचा अर्थ २१ किंवा त्याहून जास्त, एवढाच. तो २१ धरून कुणाचं जन्मवर्ष काढू नका.

पडताळा बाप्तिस्म्यावरून घ्यायचा, पण बाप्तिस्मा म्हणजे जन्म नव्हे. कधी चार भावंडांचा एकाच दिवशी उरकलेला असतो. शिवाय १७५१ पर्यंत इंग्लंडचं वर्ष २५ मार्चला सुरू होई. वहीतला फेब्रुवारी १७२० म्हणजे आपला १७२१.

सगळ्यात जास्त फसवतात एकाच नावाची भावंडं. पहिला जॉन गेला की पुढच्या मुलाचं नाव पुन्हा जॉन ठेवत. वय तीन-चार वर्षांनी चुकतंय असं वाटलं तर माणूस खोटं बोलला असं लगेच म्हणू नका. आधी दफनाच्या वहीत तो थोरला जॉन शोधा.

आणि नक्कल उतरवताना आकडा सुधारायचा नाही. वहीत ८० असेल तर ८०च लिहा, तुमचं गणित शेजारच्या रकान्यात.